आवाज न करणारा संगणक : संगीताच्या घरगुती कामासाठी निवडलेल्या सुट्या भागांचे परीक्षण

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘संगीताच्या कामासाठी संगणक जुळवायचा आहे’ असे सांगितले, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो तो ग्राफिक कार्डाचा. एका दुपारी मला तो चार दुकानांत चार वेळा विचारला गेला, आणि ‘कार्ड नको आहे’ या उत्तरावर विक्रेत्यांच्या चेहऱ्यावर उमटलेली काळजी अगदी खरी होती. ‘सर, बाद में पछताओगे,’ असे एकाने बजावलेही. त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना खेळ खेळायचे असतात किंवा लग्नाच्या चित्रफिती संपादित करायच्या असतात, आणि त्या दोन्ही कामांत कार्डावर घातलेला पैसा डोळ्यांना दिसतो. संगीताच्या कामात तो पैसा ऐकू येत नाही. कार्डाचे पंखे तेवढे ऐकू येतात.

मी प्रायोगिक नाटकांसाठी पार्श्वसंगीत करतो आणि अधूनमधून ओळखीच्या गायकांची ध्वनिमुद्रणे घरीच करून देतो. घर म्हणजे मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यांतल्या आतल्या खोलीत पलंग, कपाट, हार्मोनियम, माइक आणि संगणक हे सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर नांदते. चौदा महिन्यांपूर्वी जुना संगणक मोडीत काढून मी सुटे भाग निवडून नवा जुळवला. त्यानंतर एक उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा आणि तीन नाटकांची कामे त्यावर झाली, त्यामुळे कोणता खर्च कामी आला आणि कोणता वाया गेला हे आता अनुभवाने लिहिता येईल. किमती मात्र मी मुद्दाम देत नाही, कारण या बाजारात सोमवारचा भाव शुक्रवारी टिकेलच असे नसते.

संगणकाला संगीत नेमके कुठे जड जाते हे आधी सांगायला हवे, कारण निवडीचे सगळे तर्क त्यातून निघतात. ४८,००० हर्ट्झ या दराने काम करताना ध्वनी संगणकात सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रूपात वाहत असतो आणि सॉफ्टवेअर हे नमुने गठ्ठ्यांनी हाताळते. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला, तर प्रत्येक गठ्ठ्यासाठी साधारण २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक, आवाजाला गुंज देणारे सगळे रिव्हर्ब आणि त्याचा चढउतार आवरणारे सगळे कंप्रेसर यांचे गणित पूर्ण होऊन पुढचा गठ्ठा तयार असावा लागतो. तो किंचित जरी उशिरा आला, तरी स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि उत्तम जमलेला आलाप पुन्हा गायला लावण्याची वेळ येते. बफर १,०२४ नमुन्यांचा केला तर संगणकाला २१ मिलिसेकंदांची ऐसपैस सवड मिळते, पण मग कीबोर्डची पट्टी दाबल्यावर स्वर इतका मागून येतो की लयीत वाजवणे कठीण होऊन बसते. चित्रफितीचे रूपांतर करणाऱ्या संगणकाला दहा मिनिटांच्या कामाला अकरा मिनिटे लागली तर कुणाचे काही बिघडत नाही. संगीताचा संगणक साथीच्या तबलजीसारखा असतो : त्याचा हात किती द्रुत चालतो हे नंतर, तो दर आवर्तनात समेवर येतो की नाही हे आधी पाहायचे.

या कसोटीवर प्रोसेसरची निवड पुष्कळ सोपी होते. एका ट्रॅकवर ओळीने लावलेली प्लगइन, म्हणजे रिव्हर्बसारखी जोडसॉफ्टवेअरे, एकामागून एकच चालवावी लागतात, कारण दुसऱ्याला पहिल्याचा निकाल हवा असतो. ती साखळी सोळा कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतंत्र गणनकेंद्रांत, वाटून देता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जातात हे खरे, पण ते सगळे ज्या मुख्य मिक्सवर एकत्र येतात तिथे लावलेली साखळी पुन्हा एकाच कोअरच्या डोक्यावर बसते. म्हणून एकेका कोअरचा वेग आधी पाहावा आणि कोअरची संख्या त्यानंतर. मी एएमडीचा रायझन ७ ७७०० घेतला. त्यात आठ कोअर आणि सोळा थ्रेड आहेत, त्याचा कमाल वेग ५.३ गिगाहर्ट्झ आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे त्याचे ६५ वॉट. याच कुळातला ७७००एक्स १०५ वॉटचा आहे आणि त्याचा कमाल वेग आहे ५.४ गिगाहर्ट्झ. शंभर मेगाहर्ट्झच्या त्या चढाओढीसाठी जास्तीची उष्णता आतल्या खोलीत सोडायची आणि ती बाहेर काढायला पंखा जोरात फिरवायचा, हा व्यवहार मला पटला नाही. बारा आणि सोळा कोअरचे रायझन घ्यायचा मोह होतो, पण त्यांतले कोअर सिलिकनच्या दोन चकत्यांत विभागलेले असतात आणि एका चकतीवरून दुसरीवर माहिती जायला अधिक वेळ लागतो. लहान बफरवर काम करणाऱ्याने आठ कोअरची एकच चकती घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. इंटेलच्या बाजूला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला अस्थिरतेचा दोष २०२४मध्ये गाजला होता. कंपनीने त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तरीही या पिढ्यांतला वापरलेला प्रोसेसर मी स्वस्तात मिळाला तरी घेणार नाही. माझ्या सर्वांत जड नाटकात ८४ ट्रॅक होते. रीपर या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळी १२८ आणि शेवटच्या मिक्सच्या वेळी ५१२ असा बफर ठेवून ते काम एकही ‘टक्’ न येता पार पडले.

आता पंख्यांकडे वळतो, आणि इथे थोडे रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते घरातल्या संगीताच्या संगणकाचा खरा प्रश्न हाच आहे. ७७०० च्या खोक्यातच रेथ प्रिझम नावाचा कूलर मिळतो. त्याच्या कडेने इंद्रधनुष्य फिरते आणि त्याचा लहानसा पंखा भार आला की सूं-सूं करतो. पहिल्याच आठवड्यात एका गायिकेचा भूपाचा आलाप घेतला, तेव्हा ऐकताना काही वावगे वाटले नाही. नंतर आवाजावर कंप्रेसर लावला आणि दोन स्वरावलींमधल्या शांततेत हा पंखा चक्क साथीला बसलेला सापडला. कंप्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग एकूण पातळी वर उचलतो, त्यामुळे गाण्याच्या फटींतून जे काही कुजबुजत असते तेही तितकेच वर येते. शिवाय एकसुरी आवाज कानाआड करता येतो, सॉफ्टवेअरने थोडाफार पुसताही येतो. पण प्रोसेसरवरचा भार क्षणोक्षणी बदलतो तसा हा पंखाही वर-खाली होत राहतो, आणि बदलता आवाज ना कान विसरतो, ना सॉफ्टवेअर.

दुसऱ्याच दिवशी तो कूलर काढून मी नॉक्टुआचा एनएच-यू१२एस बसवला. त्याच्या तपकिरी-पिवळट पंख्याचा रंग एखाद्या जुन्या कचेरीच्या भिंतीला शोभेल असा आहे, पण कॅबिनेट बंद केल्यावर तो कुणाला दिसतो? १२० मिलिमीटरचा पंखा आणि ऐसपैस धातूच्या पट्ट्या असल्यामुळे ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो अगदी सावकाश फिरूनही पुरतो, आणि त्याची बांधणी इतकी अरुंद आहे की तो रॅमच्या पट्ट्यांवर येत नाही. खरी करामत मात्र बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, आहे. पंख्याचा वेग तापमानाबरोबर चढत-उतरत जाण्याऐवजी ७५ अंशांपर्यंत एकाच संथ गतीवर सपाट ठेवला, त्यापुढेच चढू दिला, आणि त्या एका बदलाने कूलर बदलण्याइतकाच फरक पडला. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेला आहे. मे महिन्यात खिडकी आणि छताचा पंखा दोन्ही बंद करून ध्वनिमुद्रण चालू असताना तो ७४ अंशांवर होता आणि गाणारा माणूस त्याच्यापेक्षा जास्त तापलेला होता. पाण्याने थंड करणाऱ्या कूलरची शिफारस मला दोन दुकानांत झाली. त्यातला पंप सतत चालू राहतो आणि त्याची बारीक गुणगुण माइकला आवडते, म्हणून तो मी विचारात घेतला नाही.

कॅबिनेटबद्दल मात्र मला स्वतःच्या निर्णयावर टीका करावी लागेल. फ्रॅक्टल डिझाइनचे डिफाइन ७ कॉम्पॅक्ट हे देखणे, वजनदार कॅबिनेट मी घेतले. त्याच्या बाजूच्या पत्र्यांना आतून आवाज शोषणारा थर आहे, पुढे दार आहे, आणि झाकणासाठी बंद व जाळीचे असे दोन पर्याय मिळतात. बांधणी निर्दोष आहे आणि धूळजाळी सहज निघते, हा मुंबईत लहानसहान गुण नव्हे. पण हळू फिरणारे मोठे पंखे बसवल्यावर त्या थराला शोषायला फारसे काही उरत नाही. दार उघडे ठेवून आणि बंद करून मी त्याच माइकने खोलीतली शांतता मुद्रित केली; वरच्या पट्टीतली किंचित धार सोडली तर फरक सांगता येईना. आज पुन्हा खरेदी करायची झाली तर मी साधे, चांगल्या जाळीचे कॅबिनेट घेईन आणि उरलेले पैसे साठवणुकीवर घालीन. माइकची पाठ संगणकाकडे करून बसण्याचा फायदा याहून मोठा मिळाला आणि त्याला एक पैसाही लागला नाही, कारण माझ्याकडचा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे टिपणारा, माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो.

रॅम मी ६४ जीबी घेतली, तीही ३२ जीबीच्या दोनच पट्ट्यांत. काउंटरवर मला १६च्या चार पट्ट्या दाखवण्यात आल्या. चारही खाचा भरल्या की दिवे चांगले दिसतात, असे त्याचे कारण होते. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने जाहीर केलेला डीडीआर५ रॅमचा वेग दोन पट्ट्यांवर ५२०० आणि चार पट्ट्यांवर ३६०० आहे, हे कारण मला दिव्यांपेक्षा वजनदार वाटले. एवढी रॅम लागते कशाला, असे कुणी विचारील. फक्त आवाज आणि दोन-चार वाद्ये मुद्रित करणाऱ्याला १६ जीबीही पुरते. पण कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्यांचे मुद्रित सूर (सॅम्पल) वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हायोलिनांचा ताफा, तानपुरा, पखवाज, सरोद असे उघडत गेले, की प्रत्येक सुराच्या प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये आधीच भरून ठेवावा लागतो. उरलेला डिस्कवरून वाजता वाजता येतो. हा आधी भरायचा तुकडा कॉन्टॅक्टमध्ये मुळात ६० किलोबाइटचा असतो. सॅम्पल एसएसडीवर असतील तर तो बराच कमी करता येतो, आणि तसे केल्यावर माझ्या एका नाटकाची फाइल निम्म्याहून कमी रॅममध्ये बसली. ही गोष्ट मला खरेदीनंतर चार महिन्यांनी कळली. आधी कळती तर कदाचित ३२ जीबीवर भागवले असते. त्या वेळी रॅम स्वस्त होती म्हणून निभावले. २०२५च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीचे भाव असे काही भडकले आहेत, की आता हा भाग विचार करूनच घ्यावा लागतो.

साठवणुकीत मी एक सरळ चूक केली. सेकंदाला ७,००० मेगाबाइट वाचणारी महागडी एनव्हीएमई एसएसडी मी सॅम्पलसाठी घेतली, आणि जुन्या संगणकातली, सेकंदाला ५५० मेगाबाइट वाचणारी जुन्या पद्धतीच्या जोडणीची साटा एसएसडी काढून ठेवली. उत्सुकतेपोटी एकदा तोच वाद्यसंच दोन्हींवरून उघडून पाहिला. उघडण्याच्या वेळात थोडा फरक पडला. वाजवताना काहीही नाही. सॅम्पलर हजारो लहान तुकडे इकडून तिकडून उचलत असतो, आणि त्या कामात जुनी फिरती हार्ड डिस्क दर उचलीला दहाएक मिलिसेकंद घेते म्हणून मागे पडते. कोणतीही एसएसडी त्यापुढे विजेसारखी असते. तेव्हा सॅम्पलसाठी आकाराने मोठी, वेगाने मध्यम अशी एसएसडी घ्यावी. स्वस्त क्यूएलसी प्रकारची एसएसडी सलग मोठे लिखाण करताना दमते, पण सॅम्पल एकदाच लिहायचे आणि वर्षानुवर्षे वाचायचे असतात, म्हणून तिचा तो दोष इथे आड येत नाही. चालू प्रकल्प आणि विंडोज यांच्यासाठी मात्र लिखाणात कमी दमणारी टीएलसी प्रकारचीच ठेवावी. फिरती हार्ड डिस्क माझ्याकडे अजून आहे, पण ती कपाटात असते आणि रविवारी बॅकअपपुरती जोडली जाते. संगणकाच्या पोटात तिची घरघर मी पुन्हा येऊ देणार नाही.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा घेतला. बोर्डाच्या खोक्यावर ध्वनीच्या दर्जाबद्दल ठळक अक्षरांत जे लिहिलेले असते त्याकडे दुर्लक्ष करावे, कारण बाहेरचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाशी जोडणारी पेटी, लावल्यावर बोर्डावरच्या ध्वनीची गरजच उरत नाही. मागच्या बाजूला यूएसबीची तोंडे किती आहेत हे मात्र मोजून घ्यावे : इंटरफेस, वाजवायचा मिडी कीबोर्ड, माउस, टायपिंगचा कीबोर्ड, सॉफ्टवेअरच्या परवान्याची डोंगल आणि बॅकअपची डिस्क एवढी सहा इथेच झाली. दुकानात जुळवणी झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पडदा काळाच राहिला. असेंबल करणाऱ्या मुलाने मिनिटभर वाट पाहून वीज बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली, आणि बोर्ड खराब आहे असे जाहीर करून टाकले. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा ओळखून घ्यायला या बोर्डांना काही मिनिटे लागतात आणि तोवर पडद्यावर काहीच येत नाही. मी त्याला चहा पिऊन येऊ या म्हणालो; परत आलो तेव्हा बायोसचा पडदा आमची वाट पाहत होता.

ग्राफिक कार्डाचा विषय दोन वाक्यांत संपतो. ७७०० मध्येच दोन पडदे सहज चालवणारे ग्राफिक आहे. ज्या रायझन प्रोसेसरांच्या नावामागे ‘एफ’ अक्षर असते, उदाहरणार्थ ७५००एफ, त्यांच्यात ते नसते, तेव्हा कार्ड टाळायचे असेल तर ते अक्षरही टाळावे.

एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय. मी कोर्सेअरचा आरएम६५० घेतला, आणि त्याचे कारण ६५० वॉटची शक्ती हे नाही. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर माझा संपूर्ण संगणक जड कामातही दीडशे वॉटच्या आतच राहतो. पण या एसएमपीएसचा पंखा कमी भारावर फिरतच नाही, आणि क्षमता भरपूर मोठी असल्यामुळे माझा भार त्याच्या दृष्टीने नेहमीच कमी असतो. चौदा महिन्यांत त्याचा पंखा फिरताना मी फक्त एकदा पाहिला. कंपनी त्यावर १० वर्षांची वॉरंटी देते, हेही इथे जमेला धरायला हवे.

तरीही पहिला महिनाभर स्पीकरमध्ये घुमणारा ‘घूं’ जाईना. कॅबिनेटच्या स्क्रूला उलटा हात लावला की झिणझिण्या येत. एसएमपीएसमध्ये वीज गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या सांगाड्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. सांगाडा अर्थिंगला जोडलेला नसेल तर तो घरातल्या विजेच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी नगण्य असल्यामुळे धक्का बसत नाही, पण ५० हर्ट्झचा तो घुमारा केबलमार्गे थेट स्पीकरमध्ये उतरतो. आमच्या इमारतीत तीन पिनांची सॉकेटे होती आणि तिसऱ्या पिनेमागे काहीच नव्हते. वायरमनला बोलावून मीटरच्या खोलीपासून अर्थिंगची वेगळी तार ओढून घेतली. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर हे तिन्ही एकाच सॉकेटवरच्या एका बोर्डात आणले. स्पीकरना बाहेरचा गोंगाट रद्द करणाऱ्या बॅलन्स्ड टीआरएस केबल लावल्या. घुमारा गेला. या सगळ्याला आलेला खर्च एका बऱ्या प्लगइनपेक्षा कमी होता, आणि मुंबईतल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुणी मला एकच सल्ला विचारला तर मी प्रोसेसरच्या आधी हा देईन. यूपीएस घेताना मात्र जपावे : स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात आणि नव्या एसएमपीएसना ती नेहमीच मानवते असे नाही.

ऑडिओ इंटरफेस हा खरे तर संगणकाचा भाग नाही, पण त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सगळा डोलारा उभा असतो. माझा मोटूचा एम२ आहे. १२८च्या बफरवर माइकपासून हेडफोनपर्यंत जाता-येता आठेक मिलिसेकंद लागतात. हवेत ध्वनीला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन मीटर लांब बसलेल्या साथीदाराइतके हे अंतर झाले. गाणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केलेली नाही. यूएसबी २.० वेगाने अपुरे पडेल ही भीती अनेकांना असते. २४ बिट आणि ४८,००० हर्ट्झचे दोन चॅनल मिळून सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट होतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे.

इतके सगळे नीट जुळूनही सुरुवातीला दर काही मिनिटांनी एक ‘टक्’ येत असे. लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवले, तेव्हा प्रोसेसरला मध्येच अडवून धरणारा गुन्हेगार म्हणून वायफायच्या ड्रायव्हरचे नाव वर आले. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढली, वायफाय बायोसमधूनच बंद केले, विंडोजमध्ये यूएसबीला झोपवणारी सोय काढून टाकली, आणि त्यानंतर तो आवाज आजतागायत ऐकलेला नाही.

खरेदीच्या अनुभवाबद्दल थोडे. भाग मी दोन दुकानांतून घेतले. तिसऱ्याच एका ठिकाणी पक्क्या बिलाचा आग्रह धरल्यावर सांगितलेला भाव अचानक १८ टक्के जीएसटीने वाढला. मी तिथून निघालो. पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर, आणि वॉरंटी कंपनीची की केवळ दुकानदाराची याचा खुलासा, या तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी व्हाव्यात. त्या दोनपैकी एका दुकानाने जुळवणी नीटनेटकी केली, वायरी मागच्या बाजूने बांधून दिल्या आणि रिकामी खोकीही न सांगता गाडीवर चढवून दिली. ग्रँट रोडहून दादर, तिथून मुलुंड असा प्रवास कॅबिनेटने सामानाच्या डब्यातून केला. एका मावशीच्या पाट्या आणि एका डबेवाल्याचा रिकामा क्रेट यांच्यामध्ये उभे राहून मी ते पोटाशी धरले होते. कूलरसारखा जड भाग बोर्डावर लटकत असताना असे नेऊ नये, कॅबिनेट आडवे ठेवावे, हे मला घरी पोचल्यावर सुचले.

प्रामाणिकपणे हेही लिहायला हवे, की पुष्कळांनी हा खटाटोप करूच नये. ॲपलचा एम४ मॅक मिनी २०२४च्या अखेरीस भारतात ५९,९०० रुपयांना आला, त्यात १६ जीबी मेमरी आहे आणि कामात त्याचा पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणे, गिटार, थोडीफार सॉफ्टवेअर वाद्ये एवढे काम असेल तर तेवढ्यात त्याहून शांत संगणक लॅमिंग्टन रोडवर जुळवून मिळणार नाही. त्याची मेमरी मात्र नंतर वाढवता येत नाही आणि मूळ साठवण २५६ जीबीची आहे; माझ्यासारखा वाद्यसंचांचा ढीग साठवणारा माणूस तिथे अडतो.

गेल्या महिन्यात भाचीसाठी याच धर्तीवर एक संगणक जुळवला. ती एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये बीट्स करते, माइक तिच्याकडे नाही आणि रात्रभर कानाला हेडफोन असतात. तिला रायझन ५ ७६००, त्याच्या खोक्यातलाच कूलर, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, साधे जाळीचे कॅबिनेट आणि एकच मोठी एसएसडी घेतली. एसएमपीएसवर मात्र मी तडजोड केली नाही, आणि संगणक घरात आणण्याच्या आदल्या दिवशी टेस्टर आणि मीटर घेऊन तिच्या खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन तपासून आलो.